मासा नसलेलं बंदर

हिंडायची हौस असलेला मी माणूस नाही. सगळं आयुष्य दौंड, पाटस, भिगवण ह्या पट्ट्यात गेलं. लांबचा प्रवास म्हणजे सोयरिकीसाठी केंदूरला आणि एकदा वढू बुद्रुकला संभाजीराजांच्या समाधीवर डोकं टेकवायला. असल्या माणसानं पोलंडला जावं आणि वर त्याचं लिहूनही काढावं, ह्याचं आमच्या घरच्यांनाच हसू येतंय. पण तिथं जे बघितलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव दौंड तालुक्याच्या पार टोकाला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. धंदा बापजाद्यांपासून मासेमारीचा. गावातल्या मच्छीमार सोसायटीचा मी सचिव. मी निघालो तेव्हा सोसायटीत सहा महिन्यांपासून एकच भांडण पेटलेलं होतं, वडाप बंद करायची का चालू ठेवायची. वडाप म्हणजे पाण्यातून ओढायचं लांबलचक जाळं. त्याचे डोळे इतके बारीक की बोटाएवढं पिल्लूसुद्धा निसटत नाही. कायद्यानं बंदी आहे, पण पाण्यात कायदा कोण बघतोय? ज्यांच्याकडं वडाप होती ते एका बाजूला, साधी जाळी टाकणारे दुसऱ्या बाजूला. माझ्याकडं दोन वडापी होत्या. माझा धाकटा भाऊ दत्ता, त्याची एकच, पण गावातली सगळ्यात मोठी. तेव्हा मी कुठल्या बाजूचा होतो ते सांगायला नको. मी परत आलो की मिटिंग घ्यायची आणि कायमचा निकाल लावायचा, असं ठरलेलं.

दौंड स्टेशनावर दत्ता सोडायला आला होता. बॅग वर ठेवता ठेवता म्हणाला, "दादा, तिकडची लोकं मोठाल्या बोटी घिऊन समिंदर खरवडून काढत्यात म्हनं. चांगलं फोटू काढून आन. मिटिंगीत दावू. गोऱ्या लोकांनी केलं की ती हुशारी, आन् आमी केलं की गुन्हा व्हय?"

"आनतो की," मी म्हणालो. तेच आणायला चाललो होतो.

ग्दान्स्कहून पुढं

माझी मुलगी मनीषा रांजणगावच्या एका कंपनीत इंजिनियर होती. कंपनीनं तिला ग्दान्स्कला पाठवलं, त्याला तीन वर्षं झाली. तिची आई विमानाचं नाव काढलं की देवघरापुढं जाऊन बसते, म्हणून मी एकटाच गेलो. विमानाचं काही लिहीत नाही. मान अवघडली आणि चहा पाणचट होता, एवढंच लक्षात आहे.

मनूनं चार दिवस रजा काढली होती. म्हणाली, "आप्पा, मोठं शहर बघून तुम्हाला कंटाळा येईल. तुम्हाला मासेमारीचं बंदर दाखवते, छोटंसं." मी मनात म्हटलं, पोरगी बापाला ओळखून आहे.

ग्दान्स्कहून बसनं अडीच-तीन तास लागले. गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्या माणसानं मला खरं सांगितलं त्यानंच हात जोडून तशी विनंती केली. त्याची नातवंडं तिथं नांदतात. बाल्टिक समुद्राच्या काठावरचं ते एक लहान गाव आहे, एवढ्यावर भागवा.

मे महिना होता. आमच्याकडं माणसं सावली शोधत असतील, आणि मी तिथं स्वेटरवर स्वेटर घालून दात वाजवत उभा. बंदराचं गाव म्हटल्यावर मी आधी नाकानंच शोधायला लागलो. बाजार कुठल्या अंगाला आहे ते आम्हाला वासावरून कळतं. पण वास काही येईना. पाइनच्या झाडांचा वास येत होता, कुठंतरी वॅफल भाजत होते त्याचा गोड वास येत होता, पण माशाचा म्हणून नाही. मनूला म्हटलं, "अगं, चुकून दुसऱ्याच गावात उतरलो का काय?"

"हेच आहे आप्पा. तुम्ही चला तर."

आणि बंदर बघितलं मात्र, मी आ वासून उभा राहिलो. बाबौ! काय त्या सोयी! नदी समुद्राला मिळते तिथं दोन्ही बाजूंनी सिमेंटचा बांध आत समुद्रात नेलाय, टोकाला एकीकडं लाल आणि एकीकडं हिरवा दिवा. आत पाणी हांड्यात ठेवल्यासारखं शांत. काठानं बोटी बांधायला लोखंडी खुंट, प्रत्येकावर नंबर. बोट उचलून काठावर ठेवायला क्रेन. डिझेलचा पंप, वापरलेलं ऑइल टाकायची वेगळी टाकी. जाळी ठेवायला प्रत्येक बोटीमागं एक पक्की खोली, वर पत्रा, खाली फरशी. आंघोळीला गरम पाणी. लिलावासाठी मोठी शेड, तिला उतार दिलेला, म्हणजे पाणी मारलं की सगळी घाण आपोआप वाहून जाते. आणि बर्फाचं मशीन! तीन मजल्यांएवढा उंच मनोरा, त्यातून जाडजूड पाइप खाली आलेला. बोट खाली लावली की बर्फ थेट बोटीत पडतो, असं मनूनं पाटीवर वाचून सांगितलं.

आमच्याकडं काय आहे? एक चिंचेचं झाड, दौंडहून टेम्पोतनं येणारी बर्फाची लादी आणि ती फोडायला माझ्या आजोबांच्या वेळची टिकाव. खोटं कशाला बोलू. रागच आला. आमचा धंदा काय कमी जुना आहे का?

फोटो काढत सुटलो. पंधरा-वीस काढल्यावर ध्यानात आलं की एकाही फोटोत माणूस नाही. लिलावाच्या शेडला कुलूप. जाळ्याच्या खोल्यांना कुलपं, तीही गंजलेली. बर्फाच्या मशीनखाली एकाही बोटीची दोरी नाही, पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. ज्या बोटी होत्या त्यातल्या एकीला चाच्यांच्या जहाजासारखं रंगवलं होतं, वर कवटीचा झेंडा, आणि पर्यटक लेकरं घेऊन तिच्यावर चढत होते. दुसऱ्या दोन बोटी गळ घेऊन येणाऱ्या हौशी लोकांना फिरवत होत्या. खऱ्या मासेमारीची म्हणावी अशी एकच होडी, ती पण आमच्या गावच्या होडीपेक्षा बरी म्हणावी एवढीच.

"आज सुट्टी असंल," मी म्हणालो.

मनू मला पाण्याच्या काठाशी घेऊन गेली.

काठावर वाकून पाणी तोंडात घेतलं. समुद्र आणि अळणी! थोडंसं खारट, वरणात मीठ कमी पडावं तसं. समुद्र म्हणजे खारट, एवढंच ऐकून असलेला मी माणूस, मला खरंच वाटेना. मनूनं सांगितलं, ह्या समुद्राला नद्या फार मिळतात, म्हणून इथं गोड्या पाण्यातला मासासुद्धा राहतो. मला एकदम तो समुद्र आमच्या फुगवट्याचाच थोरला भाऊ वाटायला लागला.

ताटातला मासा

दुपारी भुका लागल्या. बंदरावर तळलेल्या माशांची दुकानं ओळीनं, प्रत्येकावर जाळं टांगलेलं, कोळ्याचा पुतळा, नांगर. भाव शंभर ग्रॅमवर लिहिलेला असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी तो किलोचा समजून "स्वस्त हाय की!" म्हणून मोठा तुकडा मागितला. मनूला तोंडावर हात धरून हसायला काय झालं ते पैसे देताना कळलं.

तुकडा ताटात आला. डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही. मी बोटानं दाबून बघितला. आमच्या घरात लेकरू चालायला लागायच्या आधी मासा दाबायला शिकतं. ताजा मासा बोट मागं ढकलतो. ह्यानं ढकललं नाही.

"मनू, हा बर्फातला मासा हाय. लई दिवसांचा."

"आप्पा, हळू बोला."

"मी मराठीत बोलतोय, कुणाला कळतंय? इचार तिला, कुठला हाय म्हणून."

मनूनं लाजत लाजत विचारलं. काउंटरवरच्या पोरीनं जराही न लाजता सांगितलं, नॉर्वेचा. पेटीतून येतो, गोठवलेला. ह्या समुद्रात हा मासा धरायला आता बंदीच आहे. ह्या माशाला ते दोर्श म्हणतात, इंग्रजीत कॉड. आमच्याकडं कटला माशाला जो मान आहे, तो तिथं दोर्शला.

अरे, ही काय गंमत आहे? समोर बंदर, मागं समुद्र, भिंतीवर जाळं, आणि ताटात परदेशी गोठवलेला मासा! आमच्या पळसदेव-भिगवणच्या धाब्यांवर पुण्याहून मासा आणून खाऊ घातला तर गिऱ्हाईक टेबल उलटं करील. तिथं सगळे मिटक्या मारत होते. मला घास गिळवेना. तिखट नाही, मसाला नाही हे एक, आणि धक्का बसला होता हे दुसरं.

वाळूखालचं गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी मनू मला जंगलातून पायवाटेनं घेऊन गेली. पाइनची उंच झाडं, खाली मऊ वाळू, पाय आत रुतत होते. अर्ध्या तासानं झाडांमध्ये विटांची एक भिंत उभी दिसली. पुरुषभर उंच, तिरकी, एकटी.

"जुनं गाव इथं होतं," मनू पाटी वाचत म्हणाली. "ही चर्चची भिंत. समुद्र सारखा आत यायचा, आणि वारा वाळू आणून टाकायचा. लोक वाळू उपसायचे, ती परत यायची. शेवटी सगळं गाव उठून नदीच्या पलीकडं गेलं. बाकीचं सगळं ह्या वाळूखाली आहे."

मी भिंतीला हात लावला. आमचंही जुनं गाव पाण्याखाली आहे, धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की म्हाताऱ्या माणसांना तिकडं नेतात आणि ती चिखलातल्या जोत्यावर बसून "हितं आमची चूल हुती" म्हणून दाखवतात. आमचं गाव सरकारनं बुडवलं, ह्यांचं वाऱ्यानं. पण निदान आम्ही सगळे एकाच गावचे उठलो आणि वर जाऊन एकत्र बसलो. ह्यांच्या नशिबी पुढं तेही नव्हतं, ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, आणि ते कळायला माझी फजिती कारण झाली.

डोकी

परत येताना माशांना धुरी देऊन ते विकणाऱ्या एका दुकानामागून आलो. मागच्या दारात निळा टब ठेवलेला. आत बघतो तर सॅल्मन माशाची डोकी! प्रत्येक डोकं माझ्या दोन मुठींएवढं, गालावर मांस, मानेला चांगलं बोटभर मांस सोडलेलं. वर पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. मी दोन दिवस उकडलेले बटाटे आणि बिटाचं गार सूप खात होतो. बॅगेत घरचा कांदा-लसूण मसाला होता. पुढचं सांगायला नको. खिशातली पिशवी काढली आणि तीन चांगली डोकी निवडून घेतली.

"आप्पा! आप्पा, काय करताय!" मनू जवळजवळ रडकुंडीला आली. तेवढ्यात दारातून पांढरा एप्रन घातलेली बाई बाहेर आली आणि ओरडायला लागली. मी पिशवी पाठीमागं लपवली, म्हणजे आणखीनच चोर दिसायला लागलो. साठीला आलेला माणूस, परदेशात, पोरीसमोर, माशाच्या डोक्यासाठी! कानशिलं तापली.

समोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. तो पोट धरून हसायला लागला. हसता हसता बाईला काहीतरी म्हणाला, तशी ती गप्प झाली आणि आत गेली. मग त्यानं मनूला विचारलं, हा माणूस डोक्यांचं काय करणार?

"रस्सा," मी म्हणालो.

म्हातारा उठला. आता हसत नव्हता. म्हणाला, "माझी आई करायची डोक्यांचं सूप. ती गेल्यापासून गावात कुणी डोकं उचललेलं मी बघितलं नाही. चला माझ्या घरी, चूल माझी."

त्याचं नाव यानुश. वय सत्तरीच्या पुढं, हात वल्ह्यासारखे रुंद, एक बोट अर्धं तुटलेलं. बोटीवरच्या पोलादी दोरात गेलं म्हणाला. मी त्याला लगेच यानुशआबा म्हणायला लागलो, आणि "आबा" म्हणजे काय ते मनूनं सांगितल्यावर त्यालाही ते आवडलं.

त्याच्या बायकोनं, हालिनाबाईंनी, स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. दारात चपला काढल्या की घरात घालायला वेगळ्या चपला देतात, ही पद्धत मला फार पटली. मी कांदा भाजला, खोबरं मनूकडून आणवलं, मसाला टाकला. घरभर असा ठसका उठला की हालिनाबाई खिडक्या उघडत पळाल्या. पण जेवायला बसल्यावर आबानं दोन वाट्या रस्सा प्यायला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि परत वाटी पुढं. त्यांनी मला कच्चा हेरिंग मासा दिला, मिठात मुरवलेला, वर कांदा आणि तेल. कच्चा! देवाचं नाव घेऊन गिळला. दुसरा तुकडा मात्र मी स्वतः मागितला.

"आबा, तुमचं मूळ गाव हेच का?" मी विचारलं. आमच्याकडं पाहुण्याला हे पाण्याच्या तांब्याबरोबर विचारतात.

मनूनं विचारल्यावर नवरा-बायको एकमेकांकडं बघायला लागले. मग आबा म्हणाला, "ह्या गावात कुणाचंच मूळ गाव हे नाही."

मला वाटलं मनूचं भाषांतर चुकलं. पण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथं जर्मन लोक राहायचे. लढाई संपली, सरहद्दी सरकल्या, आणि जर्मनांना घरदार सोडून जावं लागलं. त्यांच्या घरात पूर्वेकडून उठवलेली पोलिश माणसं आणून बसवली. आबाचा बाप त्यातलाच, रशियाच्या बाजूचा शेतकरी, आयुष्यात समुद्र न बघितलेला. दुसऱ्याच्या घरात शिरला तेव्हा भिंतीवर दुसऱ्याचं जाळं टांगलेलं होतं. ते हातात घेऊन तो मासेमारी शिकला. शिकवायला मागं राहिलेला एकच जर्मन म्हातारा होता, तोही पुढच्या साली गेला.

अख्ख्या गावची माणसं बदलली, आणि गाव मात्र तेच! मनात म्हटलं, एवढं सोसून ह्या लोकांनी बंदर उभं केलं. आता आपणही काहीतरी दाखवलं पाहिजे. आपणही काही कमी नाही.

आणि मी मोबाइल काढला.

टेबलावर

मार्च महिन्यातला व्हिडिओ होता. दत्ताची मोठी वडाप आणि माझ्या दोन, तिन्ही एकाच दिवशी ओढलेल्या. काठावर चांदीसारखा ढीग, गुडघ्याएवढा. पोरं फावड्यानं मासा ट्रॉलीत भरताहेत, मागं गाणं लागलंय, दत्ता कॅमेऱ्याकडं बघून मिशीवर ताव देतोय. हा व्हिडिओ आमच्याकडं दोन तालुक्यांत फिरला होता. ज्यानं बघितला त्यानं "नाद खुळा!" म्हटलं होतं.

मी मोबाइल आबापुढं धरला आणि वाह वाह ऐकायला कान टवकारून बसलो.

आबानं चष्मा लावला. एकदा बघितला. परत लावायला सांगितला. मग विचारलं, "हे किती मोठे आहेत?"

मी करंगळी दाखवली.

"कुठल्या जातीचे?"

"चिलापी हाय, रोहू हाय, कटला हाय. सगळं मिसळून."

"आणि वाढल्यावर केवढे होतात?"

मी दोन्ही हात पसरले. दाखवताना फुशारकी होती माझ्या हातात. "आन् हे जातंय कुठं, ठावं हाय का? कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्याला. टनानं घेत्यात."

मनूनं हे शेवटचं भाषांतर करताना आवाज खाली आणला. आबा उठून खोलीबाहेर गेला. हालिनाबाई माझ्या ताटाकडं बघत राहिल्या. मला वाटलं तो कॅमेरा-बिमेरा आणायला गेला असेल.

तो एक फळी घेऊन आला. हातभर लांब, समुद्राच्या पाण्यानं काळी पडलेली, एका टोकाला आडवी पट्टी आणि मध्ये पितळेची खूण. ती त्यानं टेबलावर आपटली. वाट्या उडाल्या. मग तो बोलायला लागला, उभ्यानंच, माझ्याकडं बोट करून. मनूचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणतोय?"

"आप्पा, जाऊ द्या. आपण निघूया."

"मनू, सगळं सांग. एक शब्द खाऊ नको."

मनूनं सांगितलं. तिनं सांगितलं तसंच लिहितो.

"ही फळी प्रत्येक बोटीवर असायची. ह्या खुणेपेक्षा लहान दोर्श पाण्यात परत सोडायचा. मी ही फळी केबिनमध्ये टांगली होती. इन्स्पेक्टर आला की पुसून दाखवायचो. आणि मोठ्या डोळ्याच्या जाळ्याच्या आत बारीक डोळ्याचं दुसरं जाळं शिवायचो. मी एकटा नाही, आम्ही सगळेच. शास्त्रवाले यायचे, मासा संपेल म्हणायचे. आम्ही त्यांना हसायचो. कार्यालयात बसून ह्यांना समुद्र काय कळणार, म्हणायचो. मग दोर्श बारीक व्हायला लागला. डोकं आणि शेपूट, मध्ये काही नाही. शेवटी शेवटी माझ्या पंजाएवढा दोर्श यायचा, आणि त्या एवढ्याशाच्या पोटात अंड्यांची गाबोळी. मोठं व्हायला दिवस मिळणार नाहीत हे त्याला कळलं होतं. आम्हाला कळलं नाही."

तो थांबला. पाणी प्यायला.

"मग बंदी आली. सरकार म्हणालं, बोट मोडायला द्या, भरपाई देतो. माझ्या बोटीला मशीननं दोन घासांत चावून टाकलं. मला समोर उभं राहून सही करायची होती. काल बंदरावर तुम्ही बर्फाच्या मशीनचा फोटो काढताना मी बघितलं. ते मशीन, ती शेड, त्या खोल्या, बरंचसं आमचा मासा भरात असताना झालं. आता सगळं आहे. मुलगा बायकापोरं इथंच ठेवून नॉर्वेला गेला. तिथं कारखान्यात दोर्श कापतो. तोच दोर्श पेटीतून इथं येतो आणि पर्यटक म्हणतात, वा, बंदराचा ताजा मासा!"

मग तो खाली बसला, माझ्या अगदी समोर, आणि आवाज एकदम बारीक करून त्यानं विचारलं, "तू हात पसरून दाखवलास तेवढा मासा तू स्वतः शेवटचा कधी धरलास?"

सोपा प्रश्न होता. मी तोंड उघडलं. गेल्या साली? नाही, ते रोहू दोन-अडीच किलोचे होते. त्याच्या आधी? आठवेना. मनू माझ्याकडं बघत होती. मग मला आठवलं. मनूच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी पाठीवर टाकून कटला आणला होता, त्याचं शेपूट टाचेला लागत होतं. त्या दिवसानंतर नाही. ती आता तीस वर्षांची आहे.

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हे मला रोज पाण्यात जाणाऱ्या माणसाला कळू नये? दर साली मासा लहान होत गेला आणि दर साली मी जाळ्याचा डोळा लहान करत गेलो, आणि ट्रॉली भरली म्हणून मिशीवर ताव देत बसलो! भर टेबलावर, परक्या माणसांपुढं मला रडू आलं. लाज वाटली, पण आवरेना.

आबानं वाटीत उरलेला रस्सा माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, "तुमच्या पाण्यात अजून करंगळीएवढा तरी आहे."

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तो स्टँडवर आला होता. तेव्हाच त्यानं हात जोडले. मी नमस्कार करताना बघून शिकला होता. म्हणाला, "सगळं सांग, फक्त गावाचं नाव नको." बस सुटेपर्यंत उभा होता. मी काढलेले सगळे फोटो मोबाइलमध्ये होते आणि दत्ताला दाखवावा असा त्यात एकही नव्हता.

घरी

आल्यावर आठव्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं मिटिंग झाली. चाळीसेक माणसं, बायाही आलेल्या. दत्ता पुढंच बसला होता, शर्ट इस्त्रीचा, चेहरा खुशीत. म्हणाला, "दादा, दाव आता पोलंड."

मी दाखवलं. क्रेन, शेड, बर्फाचं मशीन. लोक "आयला!" "बघ की रं!" करायला लागले. मग म्हटलं, ह्यात मासा दिसतोय का कुणाला? माणूस दिसतोय का? आणि सगळं सांगितलं, फळीपासून बोट मोडण्यापर्यंत. कसलं भाषण येतंय मला, अडखळत सांगितलं. शेवटी म्हणालो, वडाप बंद करा. माझ्या दोन्ही आजपासून बंद.

दत्ता उठून उभा राहिला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"इमानात बसून गेलास, आन् भावाच्या पोटावर पाय द्यायला परत आलास व्हय? म्हंजी मी आता काय करू? ह्या गावात पयली वडाप कुनी आनली? तू! मला वडायला कुनी शिकवलं? तूच ना?"

"व्हय, मीच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? खरं होतं.

तो गेला. त्याच्यामागं सात-आठ जण गेले. बाकीच्यांनी हात वर केले, पण खालमानेनं. निकाल लागला म्हणावं असं कुणाच्या तोंडावर दिसलं नाही.

मी घरी आलो. पडवीतून पहिली वडाप बाहेर ओढली, अंगणात पसरली आणि कोयता घेऊन कापायला बसलो. नायलॉन कापायला चिवट असतं. हाताला फोड यायला लागले. मान वर केली तर दत्ता फाटकाशी उभा. मला वाटलं, आता कोयता हिसकावतोय. तो आत आला नाही, गेलाही नाही. बराच वेळ मी कापत होतो आणि तो बघत होता.

मग तो चिडून म्हणाला, "आरं, आसं काय कापतुयास येड्यावानी? शिसं वाया चाललंय सगळं. आधी शिसं काढून घ्यावं. साध्या जाळ्याला कामाला यील."

आणि माझ्यासमोर उकिडवा बसला, जाळं तळाशी बसावं म्हणून शिसं ओवलेली खालची दोरी मांडीवर घेतली आणि एकेक शिशाची गोळी दातांनी गाठ सोडवून काढायला लागला. अंधार पडल्यावर तो पाय झटकून निघून गेला. त्याच्या वडापीचं मी विचारलं नाही, विचारायचं धाडस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर त्याची मोठी वडाप आणून टाकलेली होती. शिसं सगळं काढून घेतलेलं होतं.